नंदीच्या कानातला माईक

"पण बुवा, यात माझं चुकलं काय?"

जयवंतानं पुन्हा तेच विचारलं. लहानुबुवा देवळाच्या पायरीवर वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

याच बुवांच्या हाताखाली जयवंत मूर्ती घडवायला शिकला. मग शहरात जाऊन आणखी शिकून आला, आणि बाजारचौकात त्यानं मातीचा नंदी बसवला. कलाकृती म्हणे. देवळातल्या नंदीच्या एका कानात माणूस मनातलं सांगतो, अन् ते बाहेर सांडू नये म्हणून दुसऱ्या कानावर हात धरतो. याच्या नंदीच्या कानात माईक. सांगाल ते चौकापलीकडच्या भोंग्यातून सगळ्या बाजाराला. खाजगी काय आणि चारचौघांतलं काय, याचा लोकांनी विचार करावा म्हणून. लोकांचा विचार कुणी करायचा, ते काही ठरलं नव्हतं.

दुपारी कौतिका आली. भोळी बाई. पदर सावरून नंदीच्या पाया पडली अन् कानात बोलली. काय बोलली ते इथं सांगायचं काम नाही. बाजारानं ऐकलं तेवढं पुष्कळ झालं. तिच्या सासऱ्यानंही ऐकलं, दुकानात बसल्या बसल्या. घराचं दार तिला बंद झालं.

आता ती देवळात खांबाला टेकून बसली होती. तोंडावर पदर.

"पाटी लावली होती मी," जयवंत म्हणाला. "सगळं नीट लिहून."

"तिला वाचता येतं?"

त्यावर जयवंत दुसरंच पुष्कळ बोलला. कला टोचलीच पाहिजे, गावाला कळत नाही, शहरात लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. बुवा वाती वळत राहिले.

"तू काय सांगितलंस रे नंदीला?"

"मी? मी नुसतं हॅलो हॅलो केलं. माईक तपासायला."

"हां. म्हणजे उघडं त्यांनी पडायचं, अन् तू बटण धरून बसायचं."

"मी तिथं नव्हतो, बुवा. चहाला गेलो होतो. नाहीतर लगेच बंद केलं असतं."

आत बांगड्या वाजल्या. मग त्याही गप्प झाल्या.

चहा कसला न् काय. जयवंत भोंग्याखालीच उभा होता, माईकचं बटण मुठीत धरून. बाईच्या पहिल्या शब्दालाच त्याला सगळं कळलं होतं. पण भोंग्यापुढं बाजार असा गच्च भरला होता, माणसं अशी माना वर करून ऐकत होती, की बोट काही हललं नाही.

"जयवंता," बुवा म्हणाले, "खरं असेल ते बोल."

जयवंतानं मागं पाहिलं. पारावर चार माणसं तंबाखू मळत बसली होती. आत कौतिका होती. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

तो बुवांच्या शेजारी टेकला. तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

"बुवा, मी तिथंच..."

आणि बोलता बोलता त्याचा एक हात आपसूक वर गेला, बुवांच्या दुसऱ्या कानावर आडवा झाला.

बुवांनी वाती खाली ठेवल्या. तो हात मनगटाला घट्ट धरला.

"हा हात दुपारी कुठं होता?"