हिंगबंदी आणि हटून बसलेला कावळा

एक होता राजा, आणि त्याला होत्या हातभर मिशा. एकदा काय झालं, डोंगरापलीकडचा राजा त्या मिशांना हसला. झालं! मिशाळ राजानं दवंडी पिटली, "तिकडचा हिंग माझ्या राज्यात यायचा नाही. मी सांगेपर्यंत नाही!" आणि सगळा हिंग यायचा तिकडूनच, बरं का.

मग राजा म्हातारा झाला, नि न सांगताच मरून गेला. त्याचा मुलगा राजा झाला, तोही गेला. मग नातू आला. पलीकडच्या राजाची लेक तर या नातवाची राणी! तरी बंदी आपली तशीच. शिपाई वेशीवर गाठोडी हुंगत बसायचे. दुकानात हिंग म्हणून कणकेच्या गोळ्या, त्याही सोन्याच्या भावानं. लोक मुकाट्यानं पानचट आमटी ओरपायचे. अस्सा राग येतो मला त्यांचा!

त्या गावात होती भागू, जिभेची तिखट. तिच्या तान्ह्याचं पोट फुगलं. रडून रडून पोर काळंनिळं झालं. बेंबीवर हिंगाचा लेप घातला की पोट उतरतं, पण हिंग आणायचा कुठून? तिचा जीव तुटत होता. मग पोराला कडेवर घेऊन ती तडक राजाकडे गेली.

राजा म्हणाला, "मलाही पटतंय गं. पण शब्द आजोबांचा. ते सांगतील तेव्हाच बंदी उठायची."

त्या दिवशी आजोबांचंच श्राद्ध होतं. पान वाढून ठेवलेलं, नि कावळा काही शिवेना. राजानं हात जोडले. "आजोबा, तुमच्या नावानं देऊळ बांधतो." कावळा हलेना. "सोन्याचा पुतळा करतो." कावळ्यानं पाठ फिरवली. "पलीकडच्या राजाशी लढाई करतो." राणीनं डोळे वटारले, नि कावळा लांबच्या फांदीवर जाऊन बसला.

मग भागू पुढं झाली. "अहो महाराज, म्हाताऱ्याचा जीव कशात अडकलाय कळत नाही? त्यांचं सांगायचं राहून गेलंय! म्हणा, हिंगबंदी उठवतो."

राजा तसं म्हणाला. आणि काय सांगू! कावळा सप्पकन खाली आला नि त्यानं वड्यावरच चोच मारली.

"आजोबांनी सांगितलं!" राजा ओरडला. शिपाई वेशीकडे पळाले. बाहेर व्यापारी ताटकळत होतेच. हिंग आला, लेप लागला, पोराचं पोट उतरलं.

मग घरोघर फोडण्या चुरचुरल्या. सगळे पोटभर जेवले नि सुखात राहिले. आणि भागूचं पोर? ते केव्हाच आईच्या कुशीत झोपलं. मिटा बघू आता तुम्हीही डोळे.