दुपारबाईचं काळं पोळं

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी होती. तिथली माणसं भरदुपारी दारं लावून बसायची. का? तर रानात दुपारबाई फिरायची. ऊन डोक्यावर आलं, पाखरं गप्प झाली, की ती कड्यावरून उतरायची. तिला सावलीच नव्हती, बरं का. ज्याला तिचं बोट लागे, त्याचा दगड होई. आणि त्याचा श्वास ती कड्याच्या कपारीतल्या काळ्या पोळ्यात नेऊन कोंडी.

त्या वाडीत वेणू नावाची पोर होती. आई नव्हती. बाप लाकडं आणायला गेला, तो रानाच्या तोंडाशीच दगड होऊन उभा राहिला, खांद्यावर कुऱ्हाड तशीच. मग लोक म्हणाले, "या घरावर तिची नजर आहे." ओट्यावर भाकरी ठेवायचे आणि पळायचे.

पलीकडच्या पाड्यावर म्हाळसा राहायची. मध काढणारी बाई. वेणूच्या नात्याची ना गोत्याची. तिच्या कानावर हे गेलं, आणि ती बुधवारी आली. कुणी सांगितलं नव्हतं हं! वेणू कणगीमागे लपली. म्हाळसा दारात दोर वळत बसली आणि संध्याकाळी निघून गेली. दुसऱ्या बुधवारी वेणू कणगीमागून डोकावली. तिसऱ्या बुधवारी ती हळूच जवळ आली आणि दोराचं टोक धरून बसली. मग दर बुधवारी म्हाळसा तिला दोर वळायला शिकवी, झाडावर चढायला शिकवी, केस विंचरून देई. पाऊस असो, अंगात ताप असो, बुधवार कधी चुकला नाही.

एक दिवस वेणू म्हणाली, "मावशी, मला बाबाला आणायचंय."

म्हाळसाचे हात थांबले. "ते पोळं फोडावं लागेल गं. आणि त्या कपारीत मी मावायची नाही."

"मी मावेन. पण मला भीती वाटते."

"मलाही वाटते, पोरी. पण दोर मी धरीन."

मग दोघी लपतछपत कड्यावर गेल्या. दुपारबाई रानात उतरलेली होती. वर दोर बांधायला ना झाड, ना खुंट. म्हाळसानं दोर वेणूच्या कमरेला बांधला, दुसरं टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं. म्हणाली, "खाली हाका येतील. माझ्या आवाजातसुद्धा येतील. खऱ्या मानू नकोस. दोराला तीन हिसके बसले, तर समज मी आहे."

वेणू विळा घेऊन खाली उतरली. कपारीत गार अंधार. समोर घराएवढं काळं पोळं. त्याच्या एकेका कप्प्याला पातळ कातडं, आणि प्रत्येक कातडं वरखाली होत होतं. श्वास घेत होतं!

तेवढ्यात बाबाचा आवाज आला. "वेणू, मी सुटलो गं! दोर सोड, इकडे ये." वेणूला रडू फुटलं. पण दोराला तीन हिसके बसले.

मग साऱ्या वाडीचा आवाज आला. "म्हाळसा पळाली! तुला टाकून पळाली!" पुन्हा तीन हिसके.

मग म्हाळसाचाच आवाज, अगदी कानाशी. "माझे हात सुटले, बाळा. दोर काढ आणि खाली उडी मार."

वेणू थांबली. एक हिसका बसला. दुसरा बसला. आणि दोर हलेनासाच झाला.

वर काय झालं होतं? दुपारबाई परत आली होती. तिनं म्हाळसाच्या हाताला बोट लावलं होतं. बोटं दगडाची झाली, मनगट झालं, कोपर झाला. पण म्हाळसानं दोर सोडला नाही. खांद्यानं जोर लावला आणि दिला तिसरा हिसका!

वेणूनं डोळे मिटले आणि विळा घातला. पोळं फुटलं. सगळे श्वास वाऱ्यासारखे बाहेर धावले. त्या वाऱ्यात दुपारबाई वाळक्या पानासारखी उडाली, ती पुन्हा दिसलीच नाही.

म्हाळसाच्या हातात जीव आला. तिनं वेणूला वर ओढून घेतलं आणि कितीतरी वेळ छातीशी धरलं. दोन बोटं मात्र दगडाचीच राहिली.

खाली रानाच्या तोंडाशी बाबा डोळे चोळत उभा होता. लेकीला पाहून त्यानं हंबरडाच फोडला. मग म्हाळसाकडे वळून म्हणाला, "बाई, तुम्ही आमच्या कोण?"

म्हाळसा म्हणाली, "आधी पोरीला जेवू घाला. सकाळपासून उपाशी आहे ती."

मग तिघं पोटभर जेवली आणि पुढं पुष्कळ वर्षं सुखानं राहिली.

भ्यायलात ना? भ्या थोडं. मी आहे इथंच बसलेली. डोळे मिटा बघू आता.