जैतपाल राजा घरी कसा आला

गलका पुरे झाला, ऐका आता. जैतपाल नावाचा एक राजा होता. माणूस तसा चांगला, पण जिभेला हाड नाही. एकदा काय झालं, भरल्या दरबारात मिशीवर ताव देऊन म्हणाला, "शेजारच्या राजाचा तो बोडका डोंगर आठ दिवसांत घेऊन दाखवतो!" आता त्या डोंगरावर होतं काय? चार बोरी आणि ढीगभर दगड. पण बोलून बसला ना!

मग सैन्य निघालं. आठ दिवस झाले, आठ महिने झाले, डोंगर काही मिळेना. शेजारचा राजाही हटेना. हे आपल्याला जमायचं नाही, असं जैतपालाला आतून कळून चुकलं. मग एके सकाळी त्यानं घोड्याचं तोंड घराकडे वळवलं. तेवढ्यात दरबारचा भाट धावत आला. "महाराज, विजयाचा पोवाडा रचून तयार आहे. नुसता शेवट राहिलाय." राजा ओशाळला आणि घोड्यावरून उतरला.

मग काही दिवसांनी पुन्हा निघाला. तर सेनापती म्हणाला, "लोक हसतील, महाराज." राजा पुन्हा उतरला.

तिसऱ्यांदा त्याला कुणी अडवलं नाही बरं का. तोच थांबला. मेलेल्या शिपायांची नावं आठवली त्याला. "एवढी माणसं गेली, ती काय फुकट?" म्हणाला, आणि गावागावातून आणखी माणसं मागवली. मग तीही मरायला लागली.

हसतेस काय गं, शेवंते? परवा लोणच्याची बरणी कुणी फोडली? मांजरानं, म्हणालीस. मांजर आत आलं कुठून? तर खिडकी उघडी होती. खिडकी कुणी उघडली? तर दादानं. बिचाऱ्या दादाला उगीच धपाटा बसला. माझ्या हातून फुटली, एवढं म्हणायला काय झालं होतं? पण नाही निघत गं तोंडातून. राजाचंही तसंच.

तर मग एक दिवस छावणीत ठकूबाई आली. म्हातारी, कमरेत वाकलेली. तिचा थोरला लेक रावजी याच लढाईत गेलेला. आता धाकट्या भिवाला बोलावणं आलं, तशी ही त्याच्या मागोमाग चालत आली. राजानं तिला लांबून पाहिलं आणि तंबूत जाऊन बसला. कुठल्या तोंडानं भेटणार?

पण ठकूबाई कसली ऐकते! सरळ आत शिरली.

राजा म्हणाला, "आजी, तुझ्या रावजीचं मरण वाया जाऊ नये, म्हणूनच लढतोय मी."

"माझ्या लेकाचं नाव पुढं करू नका, महाराज!" ठकूबाई कडाडली. "डोंगर मिळाला म्हणून तो उठून येणार आहे का? एक गेला. आता माझा भिवा तरी परत द्या मला."

राजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "चुकलो गं, आजी. कधीचं कळलं होतं मला. बोलायची लाज वाटली."

"मग आता बोललात ना? उठा, चला."

मग राजानं शेजारच्या राजाला निरोप धाडला, डोंगर तुमचा, आम्ही चाललो. त्यालाही हुश्श झालं. दोन्हीकडचे शिपाई तंबू गुंडाळून निघाले.

वेशीवर बायका भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. बाहेरून आलेल्या माणसावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा आणि मगच त्याला आत घ्यायचं, अशी रीत. राजा सगळ्यांच्या मागं, पायी, मान खाली घालून. वाटलं, आता शिव्या मिळणार.

ठकूबाईनं एकीच्या हातून तुकडा घेऊन भिवावरून ओवाळला. मग दुसरा तुकडा घेऊन राजापुढं आली. पण ओवाळायच्या आधी थबकली. रावजी आठवला असेल तिला.

राजा हात जोडून म्हणाला, "आजी, मी जिंकून नाही आलो."

"घरी आलात ना? मग झालं. वाका जरा, हात पोचत नाही माझा."

राजा वाकला. तिनं तुकडा त्याच्यावरून उतरवला आणि लांब फेकून दिला. राजाला कसं मोकळं मोकळं वाटलं.

त्या दिवशी घरोघरी चुली पेटल्या. माणसं पोटभर जेवली आणि आपापल्या अंथरुणावर गाढ झोपली. पुढं सगळी सुखानं नांदली. चला, तुम्हीही मिटा डोळे. शेवंते, पांघरूण नीट घे.