दहा हजार सात पानांची पंगत

फार पूर्वी एका राजाच्या पदरी पंगती मांडणारा एक कारभारी होता. कामाचा पक्का, पण ताठा असा की पंगतीत कधी बसायचा नाही. "मी मांडणारा, जेवणारा नव्हे," म्हणायचा आणि आत एकटाच चांदीच्या ताटात जेवायचा.

दरसाल राजा साऱ्या प्रजेला जेवू घाली. मागच्या साली रांगा भरून सात माणसं उरली. त्यांना वेगळं बसवलं, तर ती रुसली ती वर्षभर रुसलेलीच. म्हणून यंदा राजाने बजावलं, "सगळ्या रांगा सारख्या हव्यात. एकही माणूस उरला, तर उद्यापासून तुम्ही हत्तीखान्यात शेण उचलाल!"

"त्यात काय मोठंसं!" कारभारी म्हणाला.

वाढपी मागाहून बसणार होते. ते सोडून, राजासकट माणसं भरली दहा हजार सात.

सहा-सहाच्या रांगा केल्या, पाच उरले. आठ-आठच्या केल्या, सात उरले. बारा-बाराच्या केल्या, तर अकरा! पाच, सात, दहा, कशानेच भाग जाईना. शंभरापर्यंतचे सगळे आकडे लावून झाले. लोक ऊठबस करून घामाघूम झाले आणि राजाच्या पोटात कावळे ओरडू लागले.

शेवटी कारभाऱ्याने सगळ्यांची मिळून एकच रांग केली. ती मांडवातून निघाली, खळी ओलांडून दोन कोस गेली आणि शेवटचे चाळीस जण शेजारच्या राज्यात जाऊन बसले. तिथल्या राजाने स्वारी आली समजून नगारा वाजवला. रांग धावतपळत परत आणावी लागली.

"मग एकेकाची रांग करू का, महाराज?"

"त्याला पंगत नाही, रुसवा म्हणतात!" राजा गरजला.

कारभारी डोक्याला हात लावून बसला. त्याच्या डोळ्यांपुढे हत्ती झुलू लागले. तेवढ्यात पत्रावळी लावणारी म्हातारी तुपाचं भांडं घेऊन आली.

"कारभारी, उरलेले काय मोजताय? कमी किती पडतात ते बघा की. सहात पाच उरले, आठात सात, बारात अकरा. तिन्ही वेळा एकच गडी कमी हाय!"

"मग तू बस ना, आजी!"

"मी बसले तर तूप कोण वाढणार? रिकामे हात हितं तुमचेच हायेत." तिने एक पत्रावळ त्याच्यापुढे ठेवली. "दरसाल तुमच्या नावाची एक लावते. दरसाल ती गाय खाते."

कारभारी खजील झाला. चारचौघांत मांडी घालायची म्हणजे त्याच्या जिवावर आलं. पण ताठा की शेण, हे ठरवायला फार वेळ लागला नाही. तो शेवटच्या रांगेत एका कुंभाराशेजारी बसला. बारा-बाराच्या आठशे चौतीस रांगा झाल्या आणि कुणीही उरलं नाही.

पहिला घास घेऊन त्याने तोंड वाकडं केलं. "आमटी गारढोण! आज उशीर झाला म्हणून का?"

"छे, हितं दरसाल अशीच येते," कुंभार म्हणाला. "तुमच्या ताटात गरम असते व्हय?"

कारभाऱ्याने मान खाली घालून ती आमटी संपवली. पुढच्या सालापासून आमटीचं पहिलं पातेलं शेवटच्या रांगेकडे जाऊ लागलं, आणि त्या रांगेत कारभाऱ्याचं पान ठरलेलं असे.

तात्पर्य: हिशेब जुळत नसेल, तर आपण बाहेर उभे आहोत का, ते आधी पाहावं. आणि आमटी गरम आहे तोवर पाहावं.