वडणूरची तिसरी हाक

वडणूरच्या वेशीबाहेर, बसथांब्याच्या पाठीमागे, एक वीरगळ उभा आहे. लढाईत पडलेल्यांच्या आठवणीला पूर्वी असे दगड कोरत. त्याच्याशेजारी अलीकडे निळी पाटी लागली आहे आणि तिच्यावर 'युद्धप्रसंग, वीर अज्ञात' असे ठोकून दिले आहे. पाटी लिहिणाऱ्याने दगडाकडे एकदा तरी बघायला हवे होते. दगडावर ना घोडा, ना तलवार. बंद दरवाजासमोर पाठमोरा उभा असलेला एक माणूस आहे आणि त्याचा हात तोंडाशी आहे. वीर स्वर्गाला गेलेला ज्या वरच्या कप्प्यात दाखवतात, तो इथे कोराच आहे. पाहुण्यांनी विचारले की देवळाचे म्हातारे पुजारी दुंडाप्पा गुरव आधी पाटीकडे पाठ करतात आणि मगच सांगायला बसतात.

फार पूर्वी गावाला तट होता आणि वेशीला सागवानी कवाड. ते सांभाळायचा सटवाजी वेसकर. एका साली ओढ्याकाठी एक बाळंतीण गेली आणि ती तिन्हीसांजेला ओळखीच्या आवाजात हाका मारते, अशी आवई उठली. भूत दोनदाच हाक मारते, तिसरी हाक फक्त माणसाची, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून गावाने ठरवले, दिवे लागल्यावर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही आणि कवाड काढायचे नाही. शहाणपणच ते गावाचे, दुसरे काय!

मायाप्पा धनगर समोरच्या माळावर मेंढरे राखी. सटवाजीला तो मामा म्हणे. सटवाजीच्या हातची चिमूटभर तंबाखू घेतल्याशिवाय त्याचा दिवस मावळत नसे.

माघातल्या एका तिन्हीसांजेला, दिवे नुकतेच लागलेले असताना, वेशीबाहेरून हाक आली.

"मामा, ओ मामा! म्या मायाप्पा. कवाड काढा!"

सटवाजीने अडसराला हात घातला. तेवढ्यात पारावरची मंडळी घेऊन पाटील धावत आले.

"थांब. तिसरी येऊ दे."

"पाटील, आवाज मायाप्पाचा हाय."

"तिला समद्यांचं आवाज येत्यात. गावाचा घात करशील."

दुसरी हाक आली ती दबकी होती. "मामा, निदान ओ तरी द्या."

सटवाजीचा हात अजून अडसरावरच होता. आवाज कुणाचा, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याला भुताचे भय नव्हते, असे सांगतात. भय होते ते चार माणसांचे. उद्या गावात काही विपरीत घडले तर सगळी बोटे आपल्याकडे वळतील, या धास्तीने त्याने ओठ आवळून धरले. सगळे कान देऊन उभे राहिले. तिसरी हाक आलीच नाही. "बघितलंस?" पाटील म्हणाले आणि मंडळी हसत जेवायला गेली.

सकाळी कवाड उघडले तेव्हा बाहेरच्या मातीत घोड्यांच्या टापा उमटलेल्या होत्या. लुटारूंची टोळी दबक्या चालीने वेशीपासून हाकेच्या अंतरावर येऊन वळली होती. तिथून ओढ्याच्या दिशेने बाभळींच्या काट्यांना घोंगडीच्या चिंध्या लटकत होत्या. त्या हाताने फाडून मुद्दाम अडकवलेल्या होत्या आणि टापा त्यांच्या मागोमाग गेल्या होत्या. गाव टापांमागे चालत गेले. ओढ्यापलीकडे मायाप्पा सापडला. अंगावर घोंगडी नव्हती आणि अंगात प्राणही नव्हता.

तेव्हा सटवाजीला उमगले. दुसऱ्या हाकेनंतर टोळी अगदी पाठीशी आली असणार. तिसरी हाक मारली असती तर कवाड उघडले असते आणि मायाप्पाबरोबर टोळीही आत शिरली असती. म्हणून त्याने ती हाक गिळली आणि टोळीला आपल्या मागे लावून गावापासून लांब नेले.

"हाक न्हाई आली, तवाच वळखायला पायजे हुतं," सटवाजी म्हणाला, "की भाईर मानूस हाय म्हणून. दुसऱ्यापायी हाक गिळतो, त्यो मानूसच."

सटवाजीने स्वतःच्या हाताने कवाड उतरवले आणि मायाप्पाच्या चितेला घातले. या गावात पुन्हा कुणाला दुसरी हाक मारावी लागणार नाही, अशी त्याने चितेसमोर शपथ घेतली. पुढे पाथरवट वीरगळ घडवायला बसला. स्वर्गाचा कप्पा कोरायला त्याने छिन्नी उचलली तेव्हा सटवाजीने त्याचा हात धरला. "आमी त्याला दारात घेतला न्हाई. आन् सर्गात पोचवल्याची बढाई मारायची? ऱ्हाऊ दे कोरं."

आजही वडणूरच्या वेशीला कवाड नाही. गावात कुणालाही हाक मारा, पहिलीलाच ओ येते. पाहुण्यांना मोठे कौतुक वाटते. काय अगत्याचे गाव, म्हणतात. गाव ते ऐकून घेते आणि चहाचे विचारते. माघातल्या त्या तिथीला मात्र तिन्हीसांजेला लहानथोर सगळे वेशीत जमतात. हाक कुणीच मारत नाही. गाव नुसतेच 'ओ' म्हणते, थोडा वेळ थांबते आणि एकमेकांच्या तोंडाकडे न बघता घरी जाते.