आव्यातले ओले मडके

श्रीदयागीर महाराज फिरत फिरत पिंपळधऱ्यास आले, आणि देवळात न उतरता थेट कुंभारआळीत मडकी भाजायच्या आव्याजवळ जाऊन बसले. मातीचा वास त्यांना फार प्रिय!

त्या आळीत गिरजाबाई नावाची विधवा राहत असे. गेल्या वैशाखात मडकी घेऊन बाजाराला जाताना माळाच्या वाटेवर ऊन लागून तिचा नवरा गेला. डोक्यावर मडक्यांची पाटी आणि घशाला कोरड! बाईने संकल्प केला, की चैत्रातल्या पाडव्याला त्याच वाटेवर पाणपोई घालायची आणि तिथली मडकी आपल्याच हातांनी घडवायची. मडकी घडली, पण आभाळ भरून आलेले, ऊन काही पडेना. पाडवा परवावर आला तरी मडक्यांत ओल होतीच.

तिचा दीर रायाजी पंचक्रोशीतला नावाजलेला कारागीर. पण जिभेला हाड नाही. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "वैनी, ओली मडकी भाजाय निघालीस व्हय? एक फुटलं की शेजारची घिऊन जातंय. दादाच्या नावानं आता खापरंच वाट!"

गिरजाबाई महाराजांच्या पायांशी बसली. "म्हाराज, भावजींचं खोटं न्हाई. पर यंदा पानी ठिवलं न्हाई, तर त्या वाटंनं मी कंच्या तोंडानं जाऊ?"

महाराजांनी कफनीच्या बाह्या सारल्या, मातीचा गोळा घेतला आणि बसल्या जागी एक मडके थापले. कसले मडके! तोंड एकीकडे, पोट दुसरीकडे. रायाजीला हसू आवरेना.

महाराज म्हणाले, "बाई, हे आव्याच्या मधोमध ठेव."

ते ओलेगच्च मडके फुटणार, हे बाईला दिसत होते. पण महाराजांचा शब्द कसा मोडायचा? तिने ते ठेवले, वर शेणी आणि खापऱ्या रचल्या आणि विस्तव दिला.

दिवेलागणीला आव्यात मोठा आवाज झाला. आळी धावली. "गेलं समदं!" रायाजी म्हणाला, पण आता त्याच्या तोंडावर हसू नव्हते. काही झाले तरी भावाच्या नावाचा संकल्प होता तो. गिरजाबाई ओक्साबोक्शी रडू लागली. महाराज तेवढे शांत. म्हणाले, "निवू दे, बाई. तापलेल्याला हात लावू नये."

दुसऱ्या दिवशी आवा निवला. रायाजीनेच राख सारली. एकेक मडके काढून बोटाने वाजवावे, तो खणखणीत नाद! एकालाही चीर नाही. फुटले होते ते महाराजांचे एकट्याचे, आणि त्याचे तुकडे जागच्या जागी पडलेले. शेजारच्या मडक्याला साधा ओरखडाही नव्हता.

"म्हाराज, ह्ये कसं झालं?" रायाजीने विचारले.

महाराज म्हणाले, "सगळ्यांची ओल कुणीतरी एकाने घ्यायची होती रे. घरात असे एक माणूस असले, की बाकीची पक्की निघतात."

रायाजीला भाऊ आठवला. बाप गेल्यावर धाकट्याला चाकावर बसवून आपण माती तुडवणारा, धाकट्याच्या हातची मडकी डोक्यावर घेऊन उन्हातान्हात हिंडणारा त्याचा दादा! ज्या कारागिरीचा त्याला एवढा ताठा, ती त्या दादाच्या जिवावर उभी होती.

त्याने फुटलेले तुकडे उपरण्यात गोळा केले आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवून तो लहान मुलासारखा रडला. मग उठून त्याने गिरजाबाईचे पाय धरले.

"वैनी," तो म्हणाला, "उद्याच्याला पयलं मडकं मला भरू दे."