तिसावी फरशी

"...मग आणखी किती वर्षं, चाचा? लोक दोन वर्षांत मिस्त्री होऊन हिंडायलेत. मला नववं लागलं."

नागनाथने हे थापी धुता धुता विचारलं.

गफूरचाचा दारात चपला काढत होते. अहमदपूर भागात चाळीस वर्षं ते घराघरांत फरश्या बसवत आले होते. मालतीबाईंच्या नव्या घरातली ही एक खोली मात्र त्यांनी एकट्या नागनाथवर सोडली होती. ती मनासारखी उतरली, तर औशाच्या एका घराचं काम नागनाथला स्वतंत्र मिळणार होतं.

चाचा अनवाणी खोलीभर फिरले. सांधे दोरी ओढल्यासारखे सरळ होते.

"हात सुरेख आहे तुझा. तुझ्या वयात मला असं जमलं नव्हतं."

"मग जाऊ औशाला?"

"वाजवून दाखव."

चाचा कोपऱ्यात जाऊन मांडी घालून बसले.

नागनाथ थापीच्या लाकडी मुठीने एकेक फरशी ठोकत गेला. प्रत्येकीचा आवाज भरीव. खाली कोबा पक्का, त्यावर सिमेंटचा माल कडेपर्यंत बसलेला. चाचा डोळे मिटून ऐकत होते. मधूनच मान डोलावत होते.

एकोणतीस फरश्या वाजल्या.

"झालं, चाचा."

"तीस आहेत."

"तिसावीवर तुम्ही बसलात."

"उठू का?"

नागनाथ थापीची मूठ पुसत राहिला.

"काल वाजवली असशील."

"हो."

"कशी वाजली?"

...

"तिथं कपाट येणार आहे, चाचा. उभ्या जन्मात कुणाचा पाय पडायचा नाही." त्याचा आवाज खाली आला. "शेवटी माल कमी पडला. दोन घमेली नव्यानं कालवायचा कंटाळा केला. आता उचलली तर फुटणार. या रंगाची एकही शिल्लक नाही, दुकानात यायच्या बंद झाल्या. आणि या साहेबांनी निवडलेल्या..."

तो थांबला. मालतीबाईंचे यजमान घराचा पाया भरला त्याच महिन्यात गेले होते.

"म्हणजे बाईंच्या मायेपोटी ठेवलीस तशी," चाचा म्हणाले.

"...हो."

"मग बाईंना सांग की तसं."

चाचा जागचे हलले नाहीत. तंबाखू मळत बसून राहिले.

बाई ओसरीत खिडक्यांच्या काचा पुसत होत्या. नागनाथ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"काय रे?"

"बाई, कोपऱ्यातली एक फरशी पोकळ बसली. चूक माझी. उचलली तर फुटेल, आणि तिला जोड मिळायची नाही."

बाई आत येऊन त्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. हातातलं फडकं त्यांनी घडी करून ठेवलं.

"नसतं सांगितलंस, तर मला कधी कळलं असतं?"

"नाही."

...

"उचल," बाई म्हणाल्या.

तेव्हा कुठे चाचा उठले.

छिन्नी लागली आणि फरशीचे दोन तुकडे झाले. नागनाथने ताजा माल कालवला, चारी कडांपर्यंत भरला, आणि दोन्ही तुकडे इतके जवळ बसवले की मधे केसाएवढी रेघ राहिली. पण रेघ राहिली.

दोन दिवसांनी चाचा आले. त्या वेळी कुणी सांगायच्या आत नागनाथने ती फरशी ठोकली. भरीव वाजली.

"उद्या औशाला निघ," चाचा म्हणाले.

नागनाथ बसूनच राहिला. रेघेवरून अंगठा फिरवत होता.

"तिथला मालक आधी इथलं काम बघायला येणार म्हणाला, चाचा. एकोणतीस अशा झाल्यात की बघत राहावं. आणि ही एक... त्याला काय दाखवू?"

चाचांनी दारातल्या चपला पायात सरकवल्या.

"आधी ही दाखव. वेळ उरला, तर बाकीच्या."